हिवाळ्यातली वाळवी: आधी शोधा, मग पाणी तोडा, मग औषध

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे घिरट्या घालतात, सकाळी खिडकीखाली पंखांचा खच पडतो आणि वाळवीची आठवण होते. दिवाळी उलटली की भिंतीवरच्या मातीच्या रेघा वाढायच्या थांबतात आणि घरातले समजतात, थंडीनं वाळवी गेली. ती गेलेली नसते. वाळवीचं अंग मऊ आणि कातडी पातळ. गारठा आणि कोरडी हवा, दोन्ही तिला सोसत नाहीत. त्यामुळे ऊब आणि ओल जिथे असेल तिकडे ती सरकते. मोकळ्या आवारात ती जमिनीत खोल उतरते. घरात मात्र गीझरच्या पाइपमागची भिंत, सिंकखालचं कपाट, बाथरूमच्या चौकटीचा पाय या तिच्या थंडीतल्या जागा. निफाडला किंवा विदर्भात पहाटे पारा दहाच्या खाली गेला तरी बंद घराच्या भिंतीत तेवढा गारठा पोचत नाही, आणि मुंबई-रत्नागिरीत तर वाळवीला अडवेल अशी थंडीच नसते. शिवाय वारूळ बांधणारी वाळवी आत बुरशीची शेती करते आणि वारुळाच्या पोटात बऱ्यापैकी ऊब टिकते. गोव्यात पावसाळ्यात भाव खाणारी रोयणाची अळमी, म्हणजे वारुळावरची अळंबी, त्याच शेतीतून वर येते.

बंदोबस्ताला नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात जमीन पाण्यानं भरलेली असते, तेव्हा ओतलेलं औषध मातीत शिरत नाही, वाहून जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काळ्या मातीला भेगा पडू लागतात आणि औषध भेगेतून सरळ खाली उतरतं, पायाभोवती पसरत नाही. मधल्या दिवसांत माती ओलसर पण निथळलेली असते, ती औषध नीट पिते.

खाणारा कोण, ते आधी ओळखा

लाकडातून काही पडतंय म्हणजे वाळवीच असं नाही, आणि चुकीच्या किड्यावर औषध मारून पैसे वाया गेल्याची उदाहरणं घरोघरी सापडतील. भिंतीवर किंवा लाकडावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या, आणि लाकूड फोडलं तर आत चिखलाचा थर, ही जमिनीतली वाळवी. पुढची बहुतेक माहिती तिच्याबद्दल आहे.

माती अजिबात नाही, पण कपाटाखाली खसखशीएवढे कोरडे, कडक, एकसारखे दाणे साचतात, ती कोरड्या लाकडातली वाळवी. किनारपट्टीवर ती जास्त दिसते. तिचा जमिनीशी संबंध नसतो, त्यामुळे फरशीत कितीही भोकं पाडली तरी तिला फरक पडत नाही. ते फर्निचर वेगळं काढायचं आणि त्याच्यातच औषध भरायचं, नाहीतर टाकून द्यायचं.

तिसरा प्रकार पिठासारख्या मऊ भुशाचा. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पावडर, हे भुंगेऱ्याचं काम. बांबू, स्वस्त प्लाय आणि सागाच्या गाभ्याबाहेरचं पांढरट लाकूड ही त्याची आवडती जागा. त्याच्यासाठी जमिनीला हात लावायची गरज नाही.

तपासणी

चार वस्तू जवळ ठेवा: टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, दाभण, खडू. खोलीत अंधार करा आणि टॉर्च भिंतीला टेकवून आडवा प्रकाश टाका. समोरून बघताना न दिसणारी रंगाखालची उंचवट्याची रेघ आडव्या उजेडात लगेच सावली टाकते.

मग लाकूड वाजवा. मडकं घेताना वाजवून बघतो तसं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चौकट खालून वर ठोकत जा. भरीव लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं. आवाज बदलला तिथे खडूनं खूण करा. ठोकल्यावर काही क्षणांनी आतून कागद चुरगाळल्यासारखी सळसळ आली तर आत सैनिक वाळवी आहे. धोका जाणवला की सैनिक डोकी आपटून इतरांना सावध करतात.

बाथरूमच्या दाराची चौकट बारकाईनं बघा, कारण बहुतेक घरांत सुरुवात तिथून होते. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत रंगाला सुरकुती पडलेली असते, पण रंग अखंड असतो. बोटानं दाबलं तर बिस्किटाच्या पुड्यासारखा आत जातो. तिथे दाभण टोचा. चांगल्या सागात ती जेमतेम शिरते, इथे मुठीपर्यंत जाईल आणि टोकाला ओली माती लागून येईल. लाकडाचे कडक पदर तसेच उभे असतात, मधलं मऊ लाकूड गेलेलं असतं आणि त्या जागी मातीचे पापुद्रे असतात. वाळवी बाहेरचा रंगाचा पापुद्रा मुद्दाम राखते, उजेड आणि वारा आत येऊ नये म्हणून.

खास हिवाळ्यातली एक खूण आहे. पावसाळ्यात फुगलेला दरवाजा डिसेंबरपर्यंत आपसूक मोकळा होतो. जानेवारीतही तो घासत किंवा अडकत असेल तर कुठून तरी पाणी मिळतंय, किंवा चौकट आतून खचली आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तिथे दाभण टोचलीच पाहिजे.

बाकी ठिकाणं: ओट्याखालच्या कपाटाची मागची फळी, मीटरचा लाकडी बोर्ड, केसिंग-कॅपिंगच्या पट्ट्या, बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं पुस्तकांचं कपाट, पलंगाचे खण, माळ्यावरची खोकी. खोकी उचलून तळ बघा, पुठ्ठा म्हणजे वाळवीला आयतं जेवण. जुन्या वाड्यात वाशांची भिंतीत गेलेली टोकं आणि कडीपाटाच्या कडा तपासा, मधला भाग बऱ्याचदा ठणठणीत असतो.

नळी सापडली की ती पुसून टाकायची घाई करू नका, सगळे इथेच चुकतात. मधला दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा फक्त पाडा, शेजारी खडूनं तारीख लिहा. पावसाळ्यात दोन-चार दिवसांत ती जोडली जाते. थंडीत १५ दिवस थांबा, कारण हालचाल मंद असते, आणि १५ दिवसांत जोडली नाही म्हणून वाळवी मेली असाही निष्कर्ष काढू नका, ती दुसऱ्या वाटेनं गेलेली असू शकते. जोडलेला भाग गडद आणि ओलसर दिसतो. सगळी नळी पुसली तर औषध कुठे द्यायचं हे सांगणारा नकाशाच हातातून जातो.

पाणी तोडा

औषध मारूनही वाळवी परत येते त्या घरात बहुतेक वेळा गळती तशीच असते. भिंतीत सतत ओल असेल तर काही जातींच्या वाळवीला जमिनीशी संबंध ठेवायचीही गरज उरत नाही, भिंतीतच घरटं होतं. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाळवी निघते तेव्हा डक्टमधला पाइप किंवा गच्चीची गळती आधी बघावी.

रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी कोणी पाणी वापरायच्या आत पुन्हा बघा. आकडा पुढे सरकला असेल तर पाइप कुठेतरी गळतोय. भिंतीची ओल आतून येते की बाहेरून, हे कळायला फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा. २४ तासांनी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती वाफ आहे. थंडीत खिडक्या बंद ठेवून गरम पाण्यानं अंघोळी होतात, तेव्हा अशी वाफ साचतेच. तिच्यासाठी एक्झॉस्ट फॅन पुरतो.

गीझरचे सांधे, सिंकचा बाटली ट्रॅप, नहाणीच्या जाळीभोवतीची फट आणि बाथरूमच्या उंबऱ्याखालचा जोड हे चार दुरुस्त केले की अर्धं काम होतं. उंबऱ्याचा जोड लोक विसरतात, आणि नेमकं तिथूनच पाणी चौकटीच्या पायात मुरतं.

लाकडाचा मातीशी संबंध तोडा

सरपण, जुनी दारं, बांबू भिंतीला टेकवून ठेवलेले असतील तर आजच हलवा. विटांवर किंवा दगडांवर, जमिनीपासून किमान २० सेंटीमीटर उंच आणि भिंतीपासून लांब. भिंतीलगत दीड-दोन फुटांचा पट्टा मोकळा असावा: कुंड्या नको, पालापाचोळा नको, पाण्याची नळी नको. अंगणात माती किंवा पेव्हर ब्लॉक चढवत चढवत जोत्याच्या वर गेले असतील तर वाळवीला नळी बांधायचेही कष्ट उरत नाहीत, ती मातीतून थेट गिलाव्यात शिरते. अशी माती उतरवून जोतं वीतभर तरी उघडं करा.

नव्या घरात वाळवी लागली की लोकांना नवल वाटतं. घर बांधताना जोत्याच्या भरावात सेंट्रिंगच्या फळ्या, खुंट्या, सिमेंटच्या कागदी गोण्या गाडून टाकलेल्या असतात. त्या संपल्या की वाळवी वर बघते. बांधकाम चालू असेल तर भराव टाकण्याआधी स्वतः उभं राहून हे सगळं काढून घ्या.

कपाटं भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा. मागून टॉर्च मारता आली पाहिजे, हा खरा उद्देश.

औषध: कोणतं, किती, कुठे

बांधून झालेल्या इमारतीत वाळवीचा बंदोबस्त कसा करावा याचं भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, भाग ३. काम करणाऱ्याला हा आकडा माहीत आहे का, हे विचारून बघा. उत्तरावरून पुष्कळ कळतं.

वापरात प्रामुख्याने तीन औषधं आहेत. नावापुढचा आकडा म्हणजे औषधाची टक्केवारी; एससी आणि ईसी हे पाण्यात मिसळायच्या द्रव औषधाचे प्रकार. इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी, १ लिटर पाण्याला २.१ मिली. बायफेन्थ्रिन २.५ ईसी, लिटरला २० मिली. क्लोरपायरिफॉस २० ईसी, १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी. बाटलीवर टक्केवारी वेगळी असेल तर प्रमाणही बदलतं, तेव्हा लेबलवर लिहिलंय तेच शेवटचं. राहत्या घरात आमची पसंती इमिडाक्लोप्रिडला. त्याला उग्र वास नाही आणि ते वाळवीला पळवून लावत नाही. तिला पत्ता लागत नाही, ती त्यातून ये-जा करते आणि अंगाला लागलेलं औषध इतरांपर्यंत नेते. क्लोरपायरिफॉस स्वस्त आहे, पण वास दिवसेंदिवस जात नाही आणि थंडीत बंद खिडक्यांच्या घरात तो सोसवत नाही. ते घराबाहेरच्या चरापुरतं ठेवावं.

तळमजल्यावर फरशी आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात, भिंतीला जितकं जवळ जाता येईल तितकं, १२ मिमीच्या बिटानं दर ३० सेंटीमीटरवर भोक पाडायचं. भोक काँक्रीट ओलांडून मातीपर्यंत गेलंच पाहिजे. बिटाच्या टोकाला सिमेंटच्या पांढऱ्या भुकटीऐवजी माती दिसली की पोचलं. मग भोक औषध प्यायचं थांबेपर्यंत पंपानं सोडायचं, एका भोकाला जास्तीत जास्त १ लिटर. औषध झटकन ओतून पुढे जाऊ नका, ते वर उसळून फरशीवर येतं आणि भोक भरल्याचा भास होतो. दाब कमी ठेवून हळू सोडा. औषध जिरल्यावर भोकं पांढऱ्या सिमेंटमध्ये फरशीचा रंग मिसळून बंद करा.

हिशोब करून ठेवा, म्हणजे कोणी फसवणार नाही. १० बाय १२ फुटांच्या खोलीत भिंतींची कड सुमारे १३ मीटर, दार वजा जाता १२. म्हणजे ४० भोकं, कमाल ४० लिटर द्रावण, त्यात इमिडाक्लोप्रिड ८४ मिली. तळमजल्याच्या आख्ख्या घराला कोणी एकच पाठीवरचा पंप घेऊन आला आणि तासाभरात आवरून निघाला, तर त्याने फरशी पुसली असं समजा.

भिंतीच्या पोटातही औषध जायला हवं. जोत्याच्या पातळीवर, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी, ४५ अंशांत खाली उतरणारी १२ मिमीची भोकं ३० सेंटीमीटरवर. कोपरे आणि चौकटी भिंतीत बसवलेल्या जागा यांत चुकवायच्या नाहीत. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत चिरा सच्छिद्र असतो आणि मधल्या पोकळ्यांतून औषध पलीकडे पाझरतं, तेव्हा दुसऱ्या बाजूला एक माणूस उभा ठेवा.

बाहेरून भिंतीलगत उथळ चर खणून धावत्या मीटरला पावणेदोन लिटर औषध भिंतीच्या दिशेनं ओतायचं. माती घट्ट असेल तर चरात १५ सेंटीमीटरवर सळईनं भोकं करा. बाहेर काँक्रीटचा पट्टा असेल तर तो दर ३० सेंटीमीटरवर ड्रिल करून मीटरला सव्वादोन लिटर. विहीर, आड किंवा बोअर जवळ असेल त्या बाजूला मातीत औषध ओतू नका. कोकणात विहीर घराला खेटूनच असते, तिथे हा नियम मोडायचा नाही, कंत्राटदार काहीही म्हणो. त्या बाजूला फक्त लाकडावर काम करा.

लाकडात औषध देण्याची दोन ठिकाणं. चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात ६ मिमीची तिरपी भोकं, १५ सेंटीमीटरवर. आणि वाळवी लागलेल्या लाकडाच्या गाभ्यात ३ मिमीची तिरपी भोकं, तेवढ्याच अंतरावर, त्यांत सुईच्या पिचकारीनं तेलात किंवा रॉकेलमध्ये कालवलेलं औषध. पाण्यातलं औषध लाकडात खोल जात नाही आणि लाकूड फुगवतं. रॉकेल असलेलं काम देवघराजवळ असेल तर त्या दिवशी समई-निरांजन नाही, आणि स्वयंपाकघरात असेल तर गॅस बंद.

वरच्या मजल्यावर फरशी ड्रिल करणं व्यर्थ आहे, खाली माती नाही, स्लॅब आहे. उलट वॉटरप्रूफिंग फुटतं आणि खालच्या शेजाऱ्याशी भांडण लागतं. तिथे फक्त लाकूड-भिंत सांधे, डक्ट, आणि सोसायटीनं तळमजल्यावर करायचं काम. तळमजल्यावरही बाथरूम-संडासाच्या फरशीला ड्रिल लावू नका. काम सुरू करण्याआधी पाइप आणि वायर कुठून गेल्या आहेत ते दाखवा आणि त्या भिंतीचा एमसीबी पाडा.

काय करू नये

झुरळांचा स्प्रे नळीवर मारू नका. समोरची पन्नास-शंभर वाळवी मरते, बाकीच्या ती वाट सोडून देतात. आणि तिथेच चार दिवसांनी इमिडाक्लोप्रिड द्यायचं असेल तर स्प्रेचा अंश तिला त्या वाटेवर येऊच देत नाही. मीठ, व्हिनेगर, कापूर यांनी जमिनीतल्या घरट्याला काहीही होत नाही. कडुनिंबाचं तेल लाकडाला लावायला हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. खाल्लेल्या चौकटीला पुट्टी भरून रंग देणं तर सर्वांत महाग, कारण पुढच्या वेळी पूर्ण चौकट जाते. पाय गेला असेल तर बद्द आवाज संपतो त्याच्या वर फूटभर कापून सुताराकडून जोड बसवा. बाथरूमला मात्र सरळ ग्रॅनाइटची चौकट करा.

प्लाय घेताना ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे वाळवीरोधक असं धरू नका, तो शब्द मुख्यतः गोंदाबद्दल आहे. ओल्या जागी आयएस ७१० छाप असलेला घ्या आणि कापलेल्या कडांना सुताराकडून औषध लावून घ्या. कारखान्यातलं औषध कडेला कमी पोचलेलं असतं आणि वाळवी कडेनंच शिरते.

काळजी आणि त्यानंतर

व्यावसायिक काम करणाऱ्याकडे कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना लागतो, तो मागा. बिलावर औषधाचं नाव, टक्केवारी, एकूण लिटर आणि भोकांची संख्या लिहून घ्या. सीलबंद बाटली तुमच्यासमोर उघडली पाहिजे.

लहान मुलं, गरोदर बाई, कुत्रं-मांजर त्या दिवशी दुसरीकडे. माशांची टाकी झाकून पंप बंद करणं पुरेसं नाही, ती खोलीबाहेर न्या. थंडी वाजली तरी २४ तास खिडक्या उघड्या ठेवा. काम करणाऱ्यानं रबरी हातमोजे, बूट, चष्मा आणि मास्क वापरायलाच हवा. क्लोरपायरिफॉसच्या बाधेत घाम, लाळ, मळमळ आणि बारीक झालेल्या बाहुल्या दिसतात. उलटी काढायला लावू नका, अंगावरचे कपडे काढून साबणानं धुवा आणि बाटलीवरचं लेबल घेऊन रुग्णालय गाठा.

औषधानंतर पाच दिवसांनी वाळवी दिसली म्हणून दुसरा डोस देऊ नका. इमिडाक्लोप्रिड वाळवीच्या ये-जा करण्यावर पसरतं आणि थंडीत ती ये-जाच मंदावलेली असते, त्यामुळे तीन ते सहा आठवडे लागू शकतात. खडूच्या खुणा पुसू नका, त्याच जागा महिन्यानं पुन्हा ठोकून आणि दाभणीनं टोचून बघा. नळी नव्यानं जोडलेली दिसली तर त्या जागेच्या दोन्ही बाजूंना मीटरभर भोकं पुन्हा भरून घ्या, सगळ्या घराला नको. पुढची तपासणी पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात: घरातल्या घरात, खिडक्या बंद असताना पंखांचा खच पडला, तर किडे बाहेरून आलेले नाहीत. जिथे खच सर्वांत दाट आहे त्याच्या दोन-तीन फुटांत चौकट आणि स्कर्टिंग वाजवायला सुरुवात करा.